परिस्थितीचा दाखला

"मामा, माझा संघर्ष कोणता असंल?"

गेल्या मे महिन्यातली दुपार. ढाणकीत मे महिन्याच्या दुपारी माणसाचा संघर्ष एकाशीच चालू असतो, तो म्हणजे उन्हाशी. कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं होतं आणि तो नुसताच गरम वारा फेकत घोरत होता. मी डोळे न उघडता म्हणालो, "सध्या तरी दोन बादल्या आणून कूलरात ओतायच्या, हाच." भाची हसली नाही. पाणी मात्र आणून ओतलं आणि माझ्या बाजेच्या कडेला येऊन बसली. हातात मोबाइल, मोबाइलवर फॉर्म. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

पोरगी नुकतीच बारावी झालेली. बेंगळुरूच्या एका विद्यापीठाचा फॉर्म भरत होती. नाव, गाव, गुण, फोटो, सही इथवर गाडी सुरळीत आली होती. शेवटच्या पानावर अडली. तिथं इंग्रजीत जे विचारलं होतं त्याचं मराठी असं: तुमच्या आयुष्यातल्या एका संघर्षाविषयी 500 शब्दांत लिहा, आणि त्यातून काय शिकलात तेही सांगा.

"आणि संघर्ष नसलाच तर?" तिनं विचारलं.

"नसतो कसा? आपण यवतमाळ जिल्ह्यातले," मी म्हणालो. बोलून गेलो आणि माझं मलाच ते खटकलं.

आमच्या भागातल्या लेकरांना कागदांचं नवल नाही. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर. त्यासाठी उमरखेडच्या तहसीलच्या चकरा, सेतूतली रांग आणि 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' हे वाक्य. भाचीची दाखल्यांची प्लॅस्टिकची पिशवी घरात दागिन्यांपेक्षा जास्त जपतात. दागिने गहाण पडले तरी सुटून येतात, दाखला हरवला की पुन्हा पहिल्यापासून रांग. पण संघर्षाचा दाखला कुणाकडून आणायचा? उत्पन्न किती कमी आहे ते तहसीलदार सहीनिशी सांगतात. त्या कमी उत्पन्नापायी घरातल्या कुणाला किती रात्री झोप लागली नाही, याची नोंद कोणत्याच नमुन्यात नसते. तिथं स्वयंघोषणापत्रच जोडावं लागतं. हा निबंध म्हणजे ते स्वयंघोषणापत्र होतं.

अडचण शब्दाचीही होती. 'संघर्ष' हा शब्द आमच्या गावात राहतो तो फ्लेक्सवर. 'संघर्षयोद्धा' म्हणजे ज्याचा आज वाढदिवस आहे तो. घरात हा शब्द कुणी वापरत नाही. घरात तंगी असते, ओढाताण असते, वांधे असतात, हाल असतात, फजिती तर रोजचीच. पेरलेलं उगवलं नाही आणि दुबार पेरावं लागलं तर 'यंदा बेकार झालं' म्हणतात आणि बी आणायला जातात. आणि या सगळ्या शब्दांचा थोरला भाऊ म्हणजे 'परिस्थिती'. खरं तर परिस्थिती कशीही असू शकते, चांगलीसुद्धा. पण 'त्याची परिस्थिती नव्हती' म्हटलं की काय नव्हतं ते ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. पैसा नव्हता, असं तोंडानं म्हणावं लागू नये म्हणून आपल्या भाषेनं एवढा मोठा शब्द गोधडीसारखा पांघरायला दिला. आता हा फॉर्म म्हणत होता, गोधडी काढा, आणि 500 शब्दांत काढा.

निकालाच्या दिवसांत ही गोधडी वर्तमानपत्रवाले काढतातच. 'परिस्थितीवर मात करून घवघवीत यश' हा मथळा आमच्याकडं मान्सूनच्या आधी येतो. एकदा अशा एका फोटोच्या वेळी मी हजर होतो. आई मुलाला पेढा भरवत होती. बातमीदार म्हणाला, "ताई, जरा त्या शिलाई मशीनजवळ उभ्या राहा. आणि हसू नका एवढं." बाई बिचारी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून हसत होती. त्याच वर्षी वर्गातल्या दुसऱ्या एका पोराला त्याच्यापेक्षा तीन टक्के जास्त होते. पण त्याच्या बापाचं कृषी केंद्र होतं. त्यानं नक्की कशावर मात केली ते बातमीदाराला सुचेना, म्हणून बातमी आलीच नाही.

दुसऱ्याला काय हसायचं म्हणा. मी 34 वर्षं मराठी शिकवलं. फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त, पडक्या किल्ल्याचं मनोगत, मी नदी बोलतेय, शाळेच्या घंटेची कैफियत, असे निबंध मी किती तपासले याला गणती नाही. छत्रीला बोलतं केलं, किल्ल्याला रडवलं, समोर बसलेल्या साठ पोरांना मात्र 'बाबांनो, तुमचं काय' असं एकदाही विचारलं नाही. सर्वांत मौजेचा निबंध म्हणजे 'शेतकऱ्याचे मनोगत'. शेतकऱ्यांची पोरं तो गाईडातून पाठ करून यायची. गाईडातला शेतकरी भल्या पहाटे उठायचा, कांदा-भाकर खायचा, काळ्या आईची सेवा करायचा आणि शेवटच्या परिच्छेदात 'जय जवान, जय किसान' म्हणून थांबायचा. एका वर्षी एका पोरानं लिहिलं की माझे बाबा पहाटे उठत नाहीत, कारण या आठवड्यात लाइन रात्रीची आहे, ते रात्रभर ओलितावर असतात आणि सकाळी झोपतात. मी लाल शाईनं 'विषयाला सोडून' असा शेरा मारला आणि पाचपैकी दोन गुण दिले. तो कागद आज सापडला तर मी त्याला पाचपैकी सहा देईन. पण तो पोरगा आता पुण्याकडं कुठल्याशा कंपनीत आहे आणि त्याला गुणांची गरज उरलेली नाही.

तर अशा माणसाकडं भाची सल्ला मागायला आली होती.

संध्याकाळपर्यंत बातमी ओट्यावर गेली. फॉर्मला एक संघर्ष पाहिजे म्हटल्यावर घरात एकच धांदल उडाली. भाचीची आजी म्हणाली, "माझा घाल." आजीचं माहेर पैनगंगेपलीकडचं, नांदेड जिल्ह्यातलं. 1972 चा दुष्काळ, लाल मिलोची भाकर, सुकडी, खडी फोडायचं काम, सगळं तिनं एका दमात सांगितलं. तेवढ्यात चुलत आजोबा म्हणाले, "दुष्काळाचं काय सांगते, मी त्याच्या आधीचा आहे." पैनगंगेच्या पलीकडं निजामाचं राज्य होतं तेव्हा रझाकारांच्या धाकानं किती घरं गाठोडी डोक्यावर घेऊन नदी उतरून इकडं आली, ते त्यांनी सांगितलं. त्यांच्या मते संघर्ष असावा तर असा, त्यात निदान नदी तरी आहे. भाऊजींनी बोंडअळी काढली. काकांनी कर्जमाफीच्या यादीत आपलं नाव बरोबर होतं पण आडनाव दुसऱ्याचं होतं, तो किस्सा पुन्हा एकदा सांगितला. लग्नात आहेर करावा तसं प्रत्येकानं आपापलं दुःख आणून पोरीच्या ओटीत टाकलं. अर्ध्या तासात पाऊण शतकाचा माल जमा झाला.

भाची सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आजी, तुझा दुष्काळ मी कसा लिहू? मी तर दोन वेळा जेवले होते."

यावर ओट्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही. आजी मात्र नाराज झाली. एवढा चांगला दुष्काळ फुकट गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑनलाइन सेंटरवर गेलो. तिथल्या पोरानं मान वर न करता सांगितलं, "एसओपी आहे ना तयार. दोनशे रुपये." एसओपी म्हणजे सेंटरच्या भाषेत हाच निबंध. वाचायला घेतली तर कोकणातल्या कुणा मुलाची असावी. वडील वादळात होडी घेऊन समुद्रात जातात आणि मुलगा किनाऱ्यावर कंदील घेऊन अभ्यास करत वाट पाहतो. मी म्हणालो, "बाबा, इथं समुद्र कुठं आहे?" तो म्हणाला, "सर, होडी काढून बैलगाडी टाका. समुद्र काढून पैनगंगा टाका. बाकी सेम." म्हणजे वडील भर वादळात बैलगाडी घेऊन पैनगंगेत जातात. अशा बापाबद्दल विद्यापीठाला सहानुभूती वाटण्याऐवजी काळजी वाटली असती. मग भाचीनं मोबाइलमधल्या त्या हुशार यंत्राला विचारलं. त्यानं मिनिटभरात 500 शब्द काढून दिले. त्यात ती डोंगरदऱ्यांतून रोज 10 किलोमीटर चालत शाळेत जात होती. शाळा हिच्या घरासमोर आहे. मधल्या सुट्टीत जेवायला घरी यायची.

यंत्राचाही दोष नाही. जगात सगळीकडं या निबंधाचा एक साचा झाला आहे. अमेरिकेत कॉमन अ‍ॅप नावाचा एकच अर्ज हजारावर कॉलेजांना चालतो, त्यात 650 शब्दांपर्यंतचा निबंध असतो, आणि अडचण, माघार किंवा अपयश यांवर लिहा असा एक विषय त्यात ठरलेला. तिथल्या खात्यापित्या घरची मुलं म्हणे संघर्ष शोधत फिरतात आणि तो नीट लिहून घ्यायला सल्लागार नेमतात. 29 जून 2023 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याची पद्धत बंद केली. पण त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी असंही नमूद केलं की वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदारानं स्वतः लिहिलं, तर ते लक्षात घ्यायला मनाई नाही. म्हणजे फॉर्ममधला रकाना बंद झाला आणि निबंधाचं दार उघडं राहिलं. आमच्याकडं निदान रकाना अजून आहे.

आणि या निबंधाला नावं ठेवून भागत नाही, कारण काही लेकरांसाठी तेच दार असतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंप्री खंदारेच्या राजू केंद्रे यांनी यवतमाळात एकलव्य नावाची चळवळ सुरू केली, ती घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना नामांकित संस्थांच्या दारापर्यंत नेण्यासाठी. स्वतः राजू 2021 साली चिव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. त्या शिष्यवृत्तीच्या अर्जातही निबंधच असतात, एक सोडून चार. अशा ठिकाणी गुणपत्रिका सगळ्यांच्या सारख्याच दिसतात. गुण दिसतात, पण ते गुण कोणत्या गावात, कोणत्या दिव्याखाली, घरातली किती कामं उरकून मिळवले ते दिसत नाही. ते सांगायला निबंध लागतो. प्रश्न एवढाच की सांगायचं किती, आणि कुणाचं.

मास्तरकीची सवय, म्हणून मी मागं जाऊन पाहिलं. आपल्याकडं विद्यार्थिनीनं लिहिलेला या प्रकारचा पहिला मोठा निबंध 1855 सालचा. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, वय 14, हिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिला त्यावर कुठं प्रवेश मिळवायचा नव्हता. तिनं दुःख मांडलं ते जाब विचारायला, आणि आपल्या माणसांना शिका म्हणून सांगायला. नंतर 1883 मध्ये 18 वर्षांच्या आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी पत्र लिहिलं. त्याआधी चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं होतं आणि ते दहा दिवसांत गेलं होतं. आजचा सल्लागार म्हणाला असता, बाई, सुरुवातच तिथून करा. पण त्या पत्राचा जो भाग नेहमी वाचायला मिळतो त्यात हे नाही. त्यात त्या सरळ सांगतात की प्रवेशाच्या सगळ्या अटी मी पूर्ण करत नाही, मित्रांच्या आणि जातीच्या विरोधाला न जुमानता इथवर आले आहे, आणि पुरुष डॉक्टरकडून औषध घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माझ्या देशातल्या बायकांसाठी मला हे शिकायचं आहे. झालं. कॉलेजनं घेतलं, आणि 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

दुःख मांडताना या दोघींचं बोट कुठं तरी दाखवत होतं. स्वतःच्या डोळ्यांतल्या पाण्याकडं दाखवत नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं, पण ते आमच्या फॉर्ममध्ये कसं बसवायचं ते समजेना. म्हणून मी मास्तर करतात तेच केलं, सोपा मार्ग सुचवायचं ठरवलं. भाऊजींना 2017 साली फवारणीची विषबाधा झाली होती. दोन रात्री सरकारी दवाखान्यात होते. बहिणीनं त्या दोन रात्री कशा काढल्या आणि त्यानंतरचं वर्ष कसं काढलं, ते मला थोडंफार माहीत होतं. मनात म्हटलं, हेच. 500 काय, 5000 शब्दांचा ऐवज आहे.

रात्री बहिणीनं भाकरी थापता थापताच सांगितलं, "दादा, तिला माझं काही लिहू देऊ नको."

"अगं पण..."

"माझं आहे ते. गल्लीतल्या बाईला सांगितलं नाही मी. बेंगळुरूच्या माणसाला कशाला सांगायचं?"

तव्यावरची भाकर तिनं उलटली. विषय संपला.

मी ओट्यावर येऊन बसलो. दया पवारांचं 'बलुतं' 1978 मध्ये आलं, लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' 1980 मध्ये, आणि मग मराठीत आत्मकथनांची रीघ लागली. ती पुस्तकं आम्ही वाचली, वर्गात शिकवली, पोरांना दहा गुणांसाठी त्यांवर प्रश्नही काढले. 'बलुतं' आलं तेव्हा हे उघड्यावर कशाला मांडलं असं विचारणारे आपल्याच माणसांतही होते. तेव्हा मला तो प्रश्न कोता वाटला होता. पण दुःख कधीच एकट्याचं नसतं, ते सामाईक विहिरीसारखं असतं. एकानं मोटर लावायची तर बाकीच्या हिस्सेदारांना विचारावं लागतं. लेखक निदान पाच-दहा वर्षं त्या विहिरीच्या काठावर बसून विचार करतो. फॉर्मची शेवटची तारीख आठवड्यावर आलेली असते.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बहिणीच्या गोठ्यात दोर शोधत असताना खुंटीला टांगलेली एक शंभर पानी वही दिसली. भोक पाडून सुतळी ओवलेली, सुतळीलाच पेन बांधलेला. मुखपृष्ठावर मोठ्या वळणदार अक्षरात 'औषध वही'. मला वाटलं, जनावरांच्या औषधांची असंल. उघडली.

आत पट्टीनं आखलेले रकाने. तारीख. औषधाचं नाव. रंग. किती पंप मारले. कुणी मारले. वारा. शेवटचा रकाना, 'हात धुतले का'. पहिल्या पानांवरचं अक्षर पाचवीतल्या पोरीचं, ओळीबाहेर जाणारं. पुढं पुढं ते बारीक आणि सरळ होत गेलेलं. मधेच एक पान पावसानं भिजून शाई फुटलेली. एका ऑगस्टच्या पानावर लागोपाठ तीन दिवसांच्या नोंदी: 'काका. तोंडाला रुमाल नाही. सांगितलं. ऐकलं नाही.' 'काका. रुमाल नाही. सांगितलं. ऐकलं नाही.' 'काका. रुमाल बांधला. आजीनं सांगितलं.'

मी भाचीला हाक मारली. "हे काय गं?"

"ते होय? ते तर असंच," ती म्हणाली.

ते असंच नव्हतं. 2017 च्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसापेक्षा उंच झाली होती, फवारा तोंडावर येत होता, आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यांत होते. भाऊजी त्यांतले एक. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कोणतं औषध मारलं?" आमच्याकडं विषाला औषधच म्हणतात. भाऊजी बोलायच्या स्थितीत नव्हते. बहिणीला नाव माहीत नव्हतं. डबा बांधावर फेकलेला. कुणी तरी मोटरसायकलवर शेतात गेलं, अंधारात डबा शोधून आणला, त्यात दोन तास गेले. पाचवीतल्या पोरीनं त्या रात्रीतून एवढंच उचललं की पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं तर उत्तर घरात पाहिजे.

मग तिनं डबे वाचायला सुरुवात केली. कीटकनाशकाच्या डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो, त्याच्या खालच्या त्रिकोणाला रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे तिला कुणी शिकवलं नाही, डब्यासोबतच्या घडीच्या कागदावर लिहिलं होतं. अक्षर मुंगीएवढं. आधी ती आजोबांचं भिंग घ्यायची, पुढं मोबाइलमध्ये फोटो काढून मोठा करून वाचायची. गल्लीतल्या बाया निंदायला जाण्याआधी तिला विचारू लागल्या, "पोरी, त्या वावरात काल कोणता मारला? जाऊ का आज?" आणि ती वही पाहून सांगायची. आठ वर्षं. आणि विचारलं तर म्हणे असंच.

मी म्हणालो, "हे लिही."

"हा कुठं संघर्ष आहे मामा? ही तर वही आहे."

मीच उत्साहानं पहिला मसुदा केला. त्यात 'मृत्यूच्या जबड्यातून' होतं, 'काळरात्र' होतं, 'बळीराजा' तर तीनदा होता. तिनं वाचलं आणि म्हणाली, "मामा, बाबा तर तिसऱ्या दिवशी डबा हलवत एसटीनं घरी आले." पेन घेऊन तिनं काळरात्र खोडली, जबडा खोडला, तिन्ही बळीराजे खोडले. माझ्या 500 शब्दांतले 60 उरले. 34 वर्षांत मी पोरांच्या वह्यांवर जेवढी लाल शाई सांडली, ती व्याजासकट परत मिळाली. मग तिनं तिच्या पद्धतीनं लिहिलं. वही कशी सुरू झाली, रकाने का वाढले, 'वारा' हा रकाना कोणत्या वर्षी आला आणि का. आईबद्दल त्यात एक वाक्य होतं, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आईला सांगता आलं नाही, एवढंच. ते तिनं आईला वाचून दाखवलं. बहीण थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "हे राहू दे. हे खरं आहे." आक्षेप घेतला तो काकांनी. रुमालाच्या प्रकरणावरून बेंगळुरूपर्यंत आपली बदनामी होईल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी 'एक नातेवाईक' असं लिहून तडजोड झाली. तरी तो नातेवाईक कोण ते कळेलच, असं ते अजून म्हणतात.

राहिला प्रश्न, यातून काय शिकलात. इथं मी जिद्द, चिकाटी, संकटांवर मात अशी रांग सुचवली. तिनं एकच ओळ लिहिली: डब्यावरची अक्षरं मोठी पाहिजेत.

मुलाखत मोबाइलवर झाली, आमच्या माडीवर, कारण रेंज तिथंच येते. गरिबीबद्दल कुणी विचारलं नाही. वसतिगृह मिळालं नाही तर काय कराल, इंग्रजीत लिहायला जमेल का, असे व्यवहाराचे प्रश्न. वहीबद्दल एकच प्रश्न आला, एका बाईंनी विचारला: तू इकडं आलीस तर वही कोण लिहील? भाचीला उत्तर देता आलं नाही. तिनं तसं सांगितलं. मी दाराआड उभा राहून कपाळावर हात मारला. दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं. वहीमुळं लागलं, गुणांमुळं लागलं की वरच्या पोरांनी जागा सोडल्या म्हणून, ते मला माहीत नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

आता गावात मला या विषयातला जाणकार समजतात. परवा एक बाप पोराला घेऊन आला, म्हणाला, "सर, याचा काही संघर्ष निघतो का बघा." मी पोराला एवढंच विचारलं, "घरात असं कोणतं काम आहे की तू दोन दिवस नसलास तर अडतं?" पोरगा बराच वेळ विचार करत राहिला. बापही. मग बापच म्हणाला, "हा मोबाइलवर पाण्याचा अंदाज पाहून सांगतो, त्यावर गल्लीतले सगळे सोयाबीन झाकतात." मी म्हणालो, "तिथून सुरू करा. आणि माझ्याकडून लिहून घेऊ नका."

सप्टेंबरात माझ्या तीन एकरांत फवारणी होती. मजूर पंप भरत होता. भाचीचा धाकटा भाऊ सायकलवर आला, काखेत ती वही. सायकल बांधाला टेकवून त्यानं पेनचं टोपण काढलं आणि बहिणीच्याच सुरात विचारलं, "मामा, त्रिकोण कोणता?"

मी डबा हातात घेतला, उन्हाकडं धरला, लांब नेला, जवळ आणला. रंग पुसट झाला होता आणि मजकुराचं एक अक्षर लागेना. चष्मा घालूनही. 34 वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला डब्यावरचं मराठी वाचता आलं नाही. अक्षरं खरंच फार बारीक आहेत.